पावणेअकराचा चहा

"काका, हात वर करा," बंगल्याच्या फाटकावरचा पोलीस म्हणाला.

कान्हूने हात वर केले. कोर्टाच्या दारात त्याने आजवर शेकडो माणसांचे खिसे चाचपले असतील, पण आपले चाचपून घ्यायची ही पहिलीच वेळ. रेल्वेची दोन तिकिटं आणि तंबाखूची डबी निघाली. पोलिसाने डबी ठेवून घेतली.

रस्त्यापलीकडे बंद दुकानाच्या पायरीवर त्याची बायको सीताबाई बसली होती. आत एकालाच सोडणार होते. पेणहून रोह्याला येईस्तोवर गाडीत तिने एकच गोष्ट तीनदा बजावली होती. "सायब चा घेतात का तेवढं बघा."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कान्हू ती तेहतीस वर्षं पगार घेऊन चढला. त्यातली नऊ वर्षं तो हैबतराव साहेबांचा शिपाई होता, आधी पेणला आणि साहेब सेशन जज्ज झाल्यावर अलिबागला. रोज पावणेअकराला तो चेंबरमध्ये चहा नेई आणि तो संपवून साहेब कोर्टात जाऊन बसत. पण ज्या दिवशी कुणाला जन्मठेप नाहीतर फाशी सुनावायची असे, त्या दिवशी कप भरलेलाच परत येई. वकिलांच्या आधी, आरोपीच्या आईच्याही आधी ते कान्हूला कळे. बाहेर त्याने कधी चकार शब्द काढला नाही. घरी मात्र "आज कप परत आला" एवढं सांगे, आणि सीताबाई नावगाव न विचारता त्या संध्याकाळी देवापुढे एक दिवा जास्त लावी.

साहेब पुढे हायकोर्टात गेले, मुख्य न्यायमूर्ती झाले आणि निवृत्तीनंतर दूरच्या एका राज्याचे राज्यपाल. तेव्हा गावाने कान्हूच्याच गळ्यात हार घातला होता. त्याच राज्यात ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेलेला त्याचा मुलगा धनेश आता मालकाच्या घरातल्या दोन खुनांपायी फाशीच्या कोठडीत होता. खून त्याने केले की नाही हे कान्हूने त्याला कधी विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटे. सगळी कोर्टं करून झाली होती आणि दयेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. देवानेच जुळवून आणलं, असं गाव म्हणे. कान्हू मात्र ते ऐकलं की तिथून उठून जाई.

पुतणीच्या लग्नासाठी साहेब दोन दिवस रोह्याला भावाच्या बंगल्यावर आले होते. कुंडलिका नदीकडच्या खिडकीपाशी ते बसले होते. केस पांढरे झाले होते, पण भांग तसाच सरळ होता.

"बस, कान्हू."

साहेबांसमोर तो कधी बसला नव्हता. खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकला.

"गुडघे काय म्हणतात?"

"हाय तसंच, साहेब."

"सीताबाई?"

"भाहेर बसलीय."

"माझ्या दारात नऊ वर्षं उभा होतास. किती आईबाप आले असतील. एकाला तरी आत सोडलंस?"

"नाय, साहेब."

"तुला परत पाठवणं मला जमलं नाही. पण तू त्याविषयी बोलू नकोस. मी ऐकणार नाही."

"नाय बोलत, साहेब."

तेवढ्यात नोकर ट्रे घेऊन आला. दोन कप होते. कान्हूने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, अकराला पंधरा मिनिटं होती. साहेबांचा हात पुढे आला, बशीला लागला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी बशी हळूच मागे सारली.

"कान्हूला त्याचा दे. मला नको."

साहेब नदीकडे बघत होते. "घे, निवेल," ते म्हणाले. तो प्याला. चहा गोड होता की अगोड, ते त्याला कळलं नाही. पिऊन झाल्यावर तो उठला, दोन्ही कप ट्रेमध्ये ठेवले आणि साहेबांना पाठ न दाखवता, पूर्वीसारखाच मागे सरकत दाराबाहेर आला.

"राहू द्या, काका, मी नेतो," नोकर मागोमाग येत म्हणाला.

"सायबांना शुगर झालीय का?"

"छे हो. सकाळपासून तीन कप झाले. आत्ताच का नको म्हणाले, कोण जाणे."

कान्हूने साहेबांचा भरलेला कप मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला.

फाटकावर पोलिसाने "काका, डबी" अशी हाक मारली, ती त्याला ऐकूच आली नाही. सीताबाई उठून उभी राहिली. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

"सायबांनी चा घेतला?"

"घेतला गो," कान्हू म्हणाला. "आख्खा कप."

तिने तिथूनच बंगल्याला हात जोडले. मग मटकन पायरीवर बसली, फडक्यातली भाकरी सोडली आणि मोठा तुकडा त्याच्यापुढे धरला. सकाळपासून दोघांच्या पोटात काही नव्हतं.

"मंग आज दुसरा दिवा नको लावायला," ती म्हणाली.

"नको."

कप विसळलेले हात अजून ओलेच होते. ते त्याने लेंग्याला पुसले आणि भाकरी घेतली.