सोडलं म्हणजे काय?

हँडल अडलं, तेव्हा सगळ्यांनी आधी लेथवालीकडे पाहिलं. अवजार तिनं आपल्या लेथवर घडवलेलं, तेव्हा दोषही तिचाच असणार, हा हिशेब सगळ्यांना सोपा वाटला. तिचं लक्ष मात्र नवऱ्याकडे होतं. त्याचे दोन्ही हात हँडलवर होते, छातीसमोर नळकांड्याचं जाड झाकण होतं, आणि ते झाकण काय करू शकतं हे तिच्या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती.

कारखान्यात खारं पाणी गोड करायची लांबच लांब नळकांडी एकावर एक रचलेली होती. पंप प्रचंड दाबानं पाणी आत ढकलतो, आतल्या गाळण्या मीठ अडवतात. गाळण्या मळल्या की झाकण ओढून काढायचं, त्या धुवायच्या आणि परत घालायच्या. त्याआधी आतला दाब मात्र गेलेला हवा, नाहीतर कडी काढताच झाकण तोफेच्या गोळ्यासारखं अंगावर येतं.

तिचे सासरे इथले जुने फिटर. मागच्या वर्षी त्यांनी भिंतीपलीकडच्या पंपवाल्याला ओरडून विचारलं होतं, “पाणी सोडलं का रे?” आतलं पाणी काढून टाकलं का, असं त्यांना विचारायचं होतं. पंपवाल्यानं लाइनीत नुकतंच पाणी चालू केलं होतं. त्यानं तेवढ्याच जोरात उत्तर दिलं, “सोडलं!”

दोघंही खरंच बोलत होते. आपली भाषा मोठी गुणाची. नळाला पाणी येतं तेही सोडलं आणि टाकीतलं गटारात जातं तेही सोडलं. इतकी वर्षं या एका शब्दावर कारखाना चालला होता, आणि कुणाला त्यात खोट दिसली नव्हती. त्या दिवशी झाकण सुटलं आणि सासऱ्यांचा उजवा हात खांद्यापासून कामातून गेला. पंपावर होता तो त्यांचाच मुलगा, म्हणजे लेथवालीचा नवरा.

चौकशीत कुणाचाच दोष निघाला नाही. यापुढे ‘सोडलं’ म्हणायचं नाही, ‘भरलं’ किंवा ‘रिकामं’ म्हणायचं, एवढी पाटी लागली. घरात मात्र बापलेकांचं बोलणं बंद झालं. एका पंगतीला बसून सासरे म्हणत, “त्याला सांग, मीठ इकडे दे.” नवरा म्हणे, “त्यांना विचार, गोळी घेतली का.” मधल्यामध्ये निरोप पोचवून लेथवालीचं डोकं पिकलं होतं. त्यात नवऱ्यानं पंपाची नोकरी बदलून बापाची जागा मागून घेतली. बाप जिथे पडला तिथेच हा रोज छाती पुढे करून उभा. असलं प्रायश्चित्त तिला मुळीच मान्य नव्हतं. तिला नवरा संध्याकाळी धडधाकट घरी यायला हवा होता.

माणसाच्या शब्दाचा भरवसा नाही, तर लोखंडालाच विचारावं, असं तिनं ठरवलं. तिला युक्ती सुचली ती कुकरपाशी. आतून बसणारं झाकण वाफ असेपर्यंत कितीही ओढा, निघत नाही. तिनं झाकण ओढायच्या अवजारात पोकळ दांडा घातला. अवजार लावलं की झाकणातली झडप उघडते आणि आतलं पाणी दांड्याच्या शेपटीतून खाली बादलीत पडतं. दाब असेपर्यंत आतली एक खुंटी हँडल अडवून धरते. दाब गेला की स्प्रिंग ती मागे ओढते. हँडलची लांबी सासऱ्यांनी स्वैपाकघरात बसून ठरवली होती, डाव्या हातानं फिरवून फिरवून. “एका हाताच्या माणसाला जमलं म्हणजे कुणालाही जमेल,” असं म्हणून ते स्वतःच हसले होते.

आज खऱ्या नळकांड्यावर पहिली चाचणी होती. सासरे मुद्दाम येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. नवऱ्यानं अवजार लावलं. हँडल फिरेना. शेपटीतून पाण्याचा थेंबही आला नाही. दाबाचा काटा शून्यावर होता. भिंतीपलीकडून नवा पंपवाला सवयीनं ओरडला, “सोडलं, कधीच सोडलं!” पाटीकडे त्यानं बहुधा एकदाही पाहिलं नव्हतं.

खुंटी बाहेर आहे का मागे, हे बाहेरून दिसतच नव्हतं; ती पूर्ण आत दडवून बसवली, ही लेथवालीचीच चूक होती. शिवाय सकाळी अवजार जोडताना आटे जरा घट्ट लागले होते. आत दाब आहे म्हणून हँडल अडलंय की तिचंच काम फसलंय, हे तिलाही सांगता येईना.

कारखान्याच्या साहेबांना मागून सगळे ‘बघूसाहेब’ म्हणत, कारण रजा असो की नवा पाना, त्यांचं उत्तर एकच, “बघू.” त्यांनी काटा पाहिला, घड्याळ पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तडकाफडकी निर्णय दिला.

“घासतंय. ठोका एक.”

नवऱ्यानं हातोडा उचलला.

“हात काढा,” लेथवाली म्हणाली. “बाजूला व्हा आधी.”

“अगं, काटा शून्यावर आहे. एक ठोका दिला की सुटेल.”

“घासत असेल तर माझी लाज जाईल, जाऊ दे. घासत नसेल तर?”

तो थबकला, पण हातोडा खाली येईना. सगळ्यांसमोर बायकोचं अवजार नापास होऊ नये, असंच त्याच्या मनात असणार. वेडा कुठला. तिला त्याची दया आली आणि संतापही आला. पुढे होऊन हात धरावा, तर ती स्वतःच झाकणासमोर येणार होती.

“बाळ्या, सरक तिथून.”

स्टुलावरून आवाज आला होता. वर्षभरात या नावानं त्याला कुणी हाक मारली नव्हती. नवऱ्यानं वळून पाहिलं. सासरे उभे राहिले होते, डाव्या हातानं उजवा खांदा धरून. हातोडा हळूच खाली आला आणि नवरा भिंतीशी सरकला.

लेथवालीनं लांब तार घेतली. झाकणाच्या रेषेतून दूर, बाजूला बसून तिनं ती शेपटीच्या भोकात घातली. काहीतरी कचकचलं. तिनं पुन्हा ढोसलं. नळकांड्यातून येऊन अडकलेला क्षाराचा खडा निघाला आणि मागोमाग पाण्याची अशी धार सुटली की बादली उडून बघूसाहेबांच्या पायाशी गेली. काटा मात्र अजून शून्यावरच होता. काटा होता सामाईक लाइनीवर; या एका नळकांड्याचं लाइनीकडचं तोंड क्षारानं बंद झालं होतं आणि आत सगळा दाब कोंडून बसला होता.

धार बारीक झाली, मग ठिबकू लागली. अवजारात टक् असा आवाज झाला; खुंटी मागे गेली होती.

“खुंटी बाहेरून दिसायला हवी,” लेथवाली म्हणाली. “टोकाला लाल रंग देते. आणि दांड्याच्या आतल्या तोंडाला जाळी.”

सासरे पुढे आले आणि त्यांनी डाव्या हातानं हँडल फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं.

“बाबा, त्या दिवशी मी...” नवरा म्हणाला. हातोडा अजून त्याच्या हातातच होता.

“झालं ते झालं,” सासरे झाकणाकडे बघत म्हणाले. “पाणी सोड त्यावर.”

रात्री तिघं जेवायला बसली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. लेथवालीनं सवयीनं हात पुढे केला.

“बाळ्या,” सासरे म्हणाले, “मीठ दे जरा.”

तिनं हात मागे घेतला.