बुधवारचे टोमॅटो

हिवाळ्यात काकींना आठ दिवस ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास गेला तो गेलाच, आणि त्याच्या मागोमाग चवही. कॉफी म्हणजे गरम पाणी, कांदा म्हणजे नुसता दाताखालचा आवाज. डॉक्टरांनी नाकात बॅटरीचा उजेड पाडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "येईल किंवा येणार नाही. वाट पाहायची."

काकी पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. रोजची तीनशे ताटं. नाकाची गोष्ट त्यांनी तिथे कोणाला सांगितली नाही. हात सवयीने चालतील असा त्यांचा हिशेब होता, आणि तीन आठवडे ते चाललेही. चौथ्या आठवड्यात मसुराचं सूप तळाला लागलं. बाकीचे लोक बाहेर टेबलं मांडत होते. काकी एकट्याच पातेल्याशी उभ्या राहून मन लावून ढवळत होत्या, म्हणजे करपलेला थर खरवडून खरवडून वर आणत होत्या. अर्ध्या तासाने वाट्या तशाच्या तशा परत यायला लागल्या. लेथ मशीनवरचा एक जुना कामगार खिडकीतून डोकावून म्हणाला, "काकी, आज सूप भट्टीत वितळवलंत की काय?"

सगळे हसले. काकीही हसल्या, आणि मग मुख्य आचाऱ्याकडे जाऊन खरं काय ते सांगून टाकलं.

आचारीबुवा म्हणजे पोटाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे, पण मनाने वाईट माणूस नव्हे. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"काकी, राग मानू नका. उद्यापासून तुम्ही भांड्यांकडे जा."

काकींनी राग मानला नाही. सहा आठवडे त्या कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून ताटं घासत होत्या. सातव्या सोमवारी हातमोजे काढले आणि सरळ आचारीबुवांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मला एक पदार्थ द्या."

"काकी..."

"मोठा मागत नाही. ताटाच्या कडेला बसणारा, सगळ्यात लहान. बुधवारी तुम्ही टोमॅटो नुसते चिरून देता. मी ते वर चीज घालून भाजून देईन."

"तुम्हाला चवच कळत नाही, तर मीठ कसं घालणार?"

"ते मी पाहते. चव तुम्ही घ्या. नाही आवडलं तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

आचारीबुवांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "येत्या बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या. तीनशे ताटं आहेत, काकी. मागच्या वेळेसारखं झालं, तर तुमच्याबरोबर मलाही बोलणी बसतील."

"बसू देणार नाही," काकी म्हणाल्या.

घरी काकी आणि त्यांची थोरली नणंद अशा दोघीच. वन्संनी उभा जन्म शर्टांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढला होता. टाका चुकलेला शर्ट बाजूला काढायचा, हेच काम. निवृत्त झाल्या तरी नजर निवृत्त झाली नव्हती. शेजारीण नवी साडी दाखवायला आली, तर वन्संचा हात आधी काठ उलटून शिवण पाहायचा. अशा बाईला आपलं केलेलं चाखायला द्यायचं म्हणजे विस्तवाशी खेळ, हे काकींना ठाऊक होतं. पण गोडबोल्या जिभेचा उपयोग नव्हता.

"वन्सं, रोज संध्याकाळी दोन टोमॅटो खायचे. आणि खरं सांगायचं."

"मी कधी खोटं बोलले?" वन्सं म्हणाल्या. हे अगदी खरं होतं.

पहिल्या दिवशी काकींनी टोमॅटो आडवे कापले, बावीस वर्षांच्या हाताने मीठ भुरभुरलं, वर किसलेलं चीज, मिरपूड, आणि ताटली ओव्हनमध्ये सरकवली. बाहेर आली तेव्हा टोमॅटो पाण्यात पोहत होते आणि चीज रबरासारखं ताणत होतं. वन्संनी एक घास घेतला, नीट चावला, गिळला आणि चमचा खाली ठेवला.

"बाद."

"का, ते सांगा."

"मीठ दुप्पट. चीजमध्ये आधीच मीठ असतं, ते तुझा हात विसरला. आणि हे भाजलेलं नाही, उकडलंय."

दुसऱ्या दिवसापासून काकींनी हातावरचा विश्वास काढून घेतला. मीठ मोजायला बाटलीचं एक झाकण आणलं. कापलेल्या टोमॅटोला आधी मीठ लावून ते जाळीवर पालथे ठेवायचे, पाणी गळू द्यायचं, मग उलटायचे. टोमॅटो अंगठ्याने दाबून निवडायचे, फार मऊ तो सुपासाठी बाजूला. वन्सं एका जुन्या वहीत शेरे लिहीत होत्या. 'मध्ये कच्चा.' 'मिरी एकाच बाजूला, सगळ्यांना वाटून घाल.' 'बरा आहे, पण कडेने काळा.' एकदा तर सवयीने 'कॉलर वाकडी' असं लिहून गेल्या आणि दोघी पोट धरून हसल्या.

पाचव्या दिवशी काकींना एक गोष्ट सापडली. ओव्हनशी वाकून बसल्या असताना आवाज बदलला. आधी टोमॅटोतलं पाणी जाडसर बुडबुडत होतं. मग हळूहळू ते थांबलं आणि बारीक, कोरडं तडतडणं सुरू झालं, पाणी संपून चीजचं तूप सुटल्यासारखं. काकींनी त्याच क्षणी ताटली बाहेर काढली. कडा तांबूस, मधला भाग सोनेरी.

वन्संनी घास घेतला. मग दुसरा. मग ताटली स्वतःकडे ओढली.

"पास," त्या म्हणाल्या. "हा पास."

काकींनी उरलेला अर्धा तोंडात घातला. गरम लागलं, मऊ लागलं. बस. ओला कापूस चावावा तसं. त्यांनी तोंड फिरवलं, पण वन्संच्या नजरेतून काय सुटणार?

"रडतेस?"

"एवढं छान झालंय म्हणता, वन्सं, आणि मला काहीच कळत नाही. मग मी हे करायचं कशासाठी?"

वन्संना समजूत घालणं जमत नसे. त्यांनी ताटलीतला चीजचा थेंब बोटाने पुसून घेतला. "मी चाळीस वर्षं शर्ट पाहिले, त्यातला एक तरी घातला का? कोणीतरी घातलाच ना." आणि वही उघडून म्हणाल्या, "उद्या पुन्हा कर. एकदा जमलं ते धरत नाहीत. सलग पाच वेळा जमलं पाहिजे."

मंगळवारपर्यंत सलग पाच वेळा जमलं.

बुधवारी काकी सकाळी सातला कॅन्टीनमध्ये हजर झाल्या. टोमॅटो चांगले होते, घट्ट आणि एकसारखे. चीजचा गठ्ठा उघडला आणि त्यांचा हात थबकला. रोजचं चीज पिवळसर आणि लवचीक असायचं. हे पांढरट होतं आणि बोटांत भुगा होत होता. वास घेऊन, जिभेवर ठेवून एका क्षणात कळली असती अशी गोष्ट, आणि काकींना कळायला मार्ग नव्हता. बाटलीचं झाकण खिशातच राहिलं.

रोजच्यासारखं मीठ घालावं आणि होईल ते होऊ द्यावं, असा एक विचार मनात येऊन गेला. तो त्यांनी तिथेच सोडला आणि चीजचा तुकडा घेऊन आचारीबुवांकडे गेल्या.

"चीज बदललंय. चाखून सांगा, खारट किती आहे?"

आचारीबुवांनी भुवया उंचावल्या. "काकी, परीक्षा तुमची आहे की माझी?"

"परीक्षा राहू द्या बाजूला. तीनशे माणसं जेवणार आहेत. मला कळत नाही म्हणून विचारते. तुम्हाला कळतं, तर सांगा."

स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. आचारीबुवांनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे बारीक केले. "खारट आहे. चांगलंच खारट."

म्हणजे मीठ अजिबात नको. पण मीठ नाही तर टोमॅटो पाणी सोडणार नाहीत, आणि पाणी राहिलं तर पुन्हा उकडलेला लगदा. काकींनी एक कापलेला टोमॅटो दाबून पाहिला. मग चमचा उचलला आणि एकेका अर्ध्या टोमॅटोतला बियांचा ओला गर काढून टाकायला लागल्या. तीनशे माणसं, तीनशे अर्धुकं. बोटं सुरकुतली. सगळे रिकामे टोमॅटो त्यांनी आधी चीज न घालताच ओव्हनमध्ये सुकायला ठेवले आणि चीज अगदी शेवटी घातलं.

आता राहिला आवाज. पण पंखे घरघरत होते, वाफेचं भांडं शिट्ट्या मारत होतं.

"पंखे बंद करा!" काकी ओरडल्या. "आणि ते भांडंही उतरवा. दोन मिनिटं कोणी बोलू नका."

बावीस वर्षांत त्या कॅन्टीनमध्ये काकींचा आवाज कोणी एवढा मोठा ऐकला नव्हता. आचारीबुवांनी स्वतः जाऊन बटण दाबलं. सगळे जागच्या जागी उभे राहिले. काकी ओव्हनच्या दाराशी कान नेऊन बसल्या. जाडसर बुडबुड. अजून जाडसर. मग ती विरळ झाली आणि बारीक, कोरडं तडतडणं ऐकू आलं.

"काढा," त्या म्हणाल्या.

आचारीबुवांनी एक टोमॅटो बशीत घेतला, फुंकर मारली आणि खाल्ला. कोणाकडेही न पाहता दुसरा घेतला. तोही संपल्यावर मिशीला लागलेलं चीज रुमालाने पुसत म्हणाले, "मिरी जरा कमी चालली असती."

"पुढच्या वेळी कमी घालते."

"पुढच्या वेळी," आचारीबुवा म्हणाले, आणि आपण काय कबूल केलं ते त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मग हसून खिडकीकडे वळले आणि ताटं वाढायची हाक दिली.

दुपारी दीडपर्यंत टोमॅटोचे ट्रे रिकामे झाले होते. लेथवरचा तो जुना कामगार बशी घेऊन दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिलेला आचारीबुवांनी पाहिला, आणि ओरडले नाहीत.

"बुधवार तुमचा," ते काकींना म्हणाले.

"सोमवारी भाजलेले बटाटे असतात," काकी म्हणाल्या.

"अहो, एक पदार्थ मागितला होतात ना?"

"तो झाला. आता दुसरा मागते. फक्त रोज चाखायला एक माणूस द्या, खरं बोलणारा. तुम्ही नको, तुम्ही आधी दोन खाऊन मग बोलता."

आचारीबुवा त्यांच्या त्या मोठ्या आवाजात हसले. नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही. काकींनी ॲप्रन नीट बांधला आणि कोठारात जाऊन बटाट्यांचं पोतं सोडलं. सोमवारला पाच दिवस होते, आणि घरी न्यायला पिशवीभर बटाटे लागणार होते.