डोळे मिटून सोललेलं केळ

गुरुवारी सकाळी गावातली केळी भरायची शेड माणसांनी भरून गेली होती. एरवी तिथे खोकी असतात, ट्रक असतात आणि हमालांच्या शिव्या असतात. त्या दिवशी अगरबत्तीचा धूर आणि टाळांचा गजर होता. सगळ्या गावाने चपला उलट्या घातल्या होत्या, उजवी डाव्या पायात आणि डावी उजव्या पायात. कदलीनाथ बाबांची आज्ञाच तशी होती. सरपंच ज्ञानेश्वरभाऊंची टाच सोलून निघाली होती, तरी लंगडत लंगडत ते पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

बाबा कुठले, कोणाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तापीच्या या काठचे लोक म्हणत ते पलीकडचे, पलीकडचे म्हणत ते अलीकडचे. पण त्यांचा चमत्कार चोपड्यापर्यंत पोचला होता. बाबा न सोललेलं पिवळंधमक केळ भक्ताच्या हातात ठेवत, त्याच्याकडे डोळे वटारून बघत आणि म्हणत, "चार." भक्त डोळे मिटून साल काढी, तर आत केळाचे चार तुकडे, सुरीने कापल्यासारखे. मग बाबांची टकळी सुरू होई. सुरी डॉक्टरची, नजर नाथाची. सुरी कातडं फाडते, नजर रोग फाडते. सालीला धक्का नाही, गराला सुटका नाही.

लोक काय, माना डोलवायला बसलेलेच. जन्मभर केळी पिकवणारी, घड बघून वजन सांगणारी ही माणसं, पण बाबांसमोर केळ म्हणजे काय हेच विसरून गेली होती.

बाबांचे नियमही ऐकण्यासारखे होते. वाहिलेल्या फळाने एक रात्र बाबांच्या पायाशी झोपायचं. प्रसादाचं केळ डोळे मिटून सोलायचं. साल बघायची नाही, ती लगेच शेडमागच्या म्हशीला घालायची. गुरुवारी जेवताना भिंतीकडे तोंड करायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, 'पण' म्हणायचं नाही. 'पण' म्हणाला त्याने कान धरून उभं राहायचं. म्हैस महिन्याभरात गुटगुटीत झाली आणि गाव मुकं झालं.

दिपमालाला हे सारं बघून हसू यायचं. ती झुलाल आबांची सून. नवरा किरण केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीकडे गेला की दोन-दोन आठवडे परतत नसे, आणि घरात आबांचा शब्द शेवटचा. चपला उलट्या घालायला तिची ना नव्हती. खुळ्यांच्या बाजारात एक खूळ आपलंही, म्हणून ती सोडून द्यायची. पण त्या गुरुवारी बाबांनी तिच्या सासूबाईंकडे बोट केलं आणि तिचं हसू मावळलं.

झुंबरबाईंच्या पित्ताशयात खडे होते. रात्र-रात्र त्या पोट धरून बसत. जळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला होता आणि बजावलंही होतं, की खडा नळीत अडकला तर कावीळ होईल, जिवावर बेतेल, उशीर करू नका. बाबा म्हणाले, केळ आतून कापणाऱ्याला खडा काय जड? पुढच्या गुरुवारी नजर टाकतो, दवाखाना बंद. आबांनी तिथेच, सगळ्यांसमोर, जळगावला फोन लावला आणि ऑपरेशन नको म्हणून सांगून टाकलं. झुंबरबाईंनी पदराचं टोक मात्र मुठीत घट्ट आवळलं होतं.

घरी जाताना दिपमालाने "पण आबा" एवढंच म्हटलं. आबांनी तिला अंगणात कान धरून उभं केलं. माणूस वाईट नव्हता हो. बायकोवर जीव होता, म्हणूनच घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला हुकूम देणारा फार गोड लागतो.

कान धरून उभी असताना दिपमालाला त्या म्हशीची आठवण झाली. साल बघायची का नाही? ती म्हशीलाच का, आणि लगेच का? त्या दिवशीचा तिचा प्रसाद पिशवीतच होता. स्वयंपाकघरात जाऊन तिने उघड्या डोळ्यांनी केळ सोललं आणि साल खिडकीपाशी उजेडात धरली. सालीच्या एका धारेवर बारीक काळे ठिपके होते, एका ओळीत, आणि आतल्या कापांसमोर नेमके.

तिला खरं तर आपलीच लाज वाटली. परदेशी जाणारा माल भरताना सालीवर एक डाग दिसला तर इथली माणसं केळांची अख्खी फणी बाजूला काढतात. डागी केळ घरच्यांसाठी. त्यामुळे घरात खाताना डागाकडे कोणी बघतच नाही, आणि बाबांनी तर बघायचीच बंदी केलेली. तिने ब्लाउजला हूक लावायची सुई घेतली. पहिलं केळ फाटलं, दुसऱ्याचा लगदा झाला. तिसरं सोललं तेव्हा ती एकटीच खुदकन हसली.

पुढच्या गुरुवारी बाबा नजर टाकायला सरसावले, तेवढ्यात दिपमाला टोपली घेऊन उभी राहिली. स्वप्नात नाथ आले, म्हणाली, आणि मलाही दृष्टी दिली. बाबांचा चेहरा पडला, पण बोलणार काय? चमत्कार होत नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती. दिपमालाने आबांच्या हातात केळ ठेवलं, डोळे वटारले आणि म्हणाली, "पाच." आबांनी डोळे मिटून सोललं. पाच तुकडे. अख्खी शेड तिच्या पायाशी वाकली.

मग तिला खोडी सुचली. म्हणाली, टोप्या उलट्या घाला. घातल्या. म्हणाली, एका पायावर उभे राहा. राहिले, सोललेल्या टाचेचे सरपंचसुद्धा. बाबांनीही, म्हणाली, नाथांपुढे सगळे सारखे. लोकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी लोकांकडे बघितलं आणि मुकाट एक पाय उचलला. पोट सुटलेलं, त्यामुळे शिष्याचा खांदा धरावा लागला.

"आबा," ती शेवटी म्हणाली, "गाडी काढा. आईंना जळगावला न्या."

आबा खरोखरच धावले. किल्ली कमरेलाच होती. इथे गप्प बसली असती तरी तिचं काम झालं असतं. पण उलट्या टोप्या घालून एका पायावर डुगडुगणारी ती माणसं बघून तिला आता हसू येईना. रडूच आलं. आज माझ्या हुकुमाने निघालेली गाडी उद्या दुसऱ्या कोणाच्या हुकुमाने अर्ध्या वाटेतून परत फिरेल, हे तिला स्वच्छ दिसलं.

"थांबा," ती म्हणाली. "पाय खाली ठेवा आणि डोळे उघडा."

तिने सुई सगळ्यांना दाखवली. नवं केळ घेतलं, सालीच्या धारेतून सुई आत घातली, आतल्या आत डावी-उजवीकडे फिरवली, बाहेर काढली. थोडं सरकून पुन्हा तेच केलं. साल जशीच्या तशी. मग ते केळ सरपंचांना सोलायला दिलं. तीन तुकडे. भोक सुईएवढं, ताजं असताना दिसत नाही, वेळाने काळं पडतं, तिने सांगितलं. म्हणून फळाने बाबांच्या पायाशी झोपायचं, रात्री सुई फिरते. म्हणून डोळे मिटायचे, आणि म्हणून म्हशीची चैन. नाथांनी नाही हो, तुमच्या आज्ञाधारकपणाने हा चमत्कार केला.

कोणीतरी शेडमागे जाऊन म्हशीपुढची सकाळची साल उचलून आणली. ठिपके होते. सगळे बाबांकडे वळले, तर बाबा पाणी प्यायला गेले होते. ते अजून पाणी पीतच असावेत, कारण गावाला परत दिसले नाहीत.

आबा किल्ली हातात घेऊन मधोमध उभे होते, अगदी पोरासारखे. "मंग आते कोनं ऐकानं?" त्यांनी सुनेला विचारलं.

दिपमाला म्हणाली, माझंसुद्धा नका ऐकू. डॉक्टर का कापणार ते डॉक्टरला विचारा, फोटो दाखवा म्हणा, नाही पटलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्या हातात केळ काय, सालसुद्धा देऊ नका.

तोवर गप्प असलेल्या झुंबरबाई भिंतीला टेकून उठल्या. घामाने डबडबल्या होत्या. त्यांनी सगळ्या शेडकडे एकदा बघून घेतलं आणि आपल्या पोटावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पन माले कोनी इचारं का? पोट ते मनं शे."

कान धर म्हणून कोणी म्हणालं नाही. आबा बायकोजवळ गेले, खाली बसले, तिच्या पायांतल्या उलट्या चपला काढल्या आणि सुलट्या घातल्या. मग मान वर न करता त्यांनी तिला विचारलं, तुला काय वाटतं?

"जळगाव," झुंबरबाई म्हणाल्या, आणि आपल्या पायांनी गाडीकडे चालू लागल्या.