रुपीबाईचा डावा डोळा

खेमसिंगनं बायकोची, रुपीबाईची, हनुवटी दोन बोटांनी धरून वर केली आणि तिचं तोंड फोनकडं वळवलं. पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवती गोल कडं आलं, हिरवं होता होता लाल झालं आणि खाली अक्षरं उमटली: डोळे मिचकवा.

"मिचकव ना," तो म्हणाला.

रुपीबाईनं मिचकवले. उजवा डोळा मिटला. डावा अर्ध्यावर येऊन थांबला आणि फोनकडं तसाच बघत राहिला.

ऑनलाइनची कामं करून देणाऱ्या सुरभीनं फोन खाली घेतला, ओढणीच्या टोकानं काच पुसली आणि पुन्हा सुरुवातीपासून करू म्हणाली. आर्णीच्या बाजारातलं तिचं ते दुकान म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि भिंतीला लावलेलं बाकडं. बाकड्यावर सकाळपासून माणसं खोळंबली होती. बायांच्या नावावर दरमहा येणाऱ्या सरकारी मदतीसाठी पडताळणी करून घ्यायची आज शेवटची तारीख होती. आज झाली नाही, तर नाव कटणार होतं. कापूस वेचून वेचून रुपीबाईच्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखू येत नव्हते, म्हणून हा चेहऱ्याचा उपाय निघाला होता.

मागं एका हिवाळ्यात चुलीपुढं बसल्या बसल्या तिच्या तोंडाची डावी बाजू लुळी पडली होती. यवतमाळच्या डॉक्टरनं औषधं दिली, तोंड बरंचसं जागेवर आलं. डावा डोळा मात्र पुरता मिटेना. झोपेतही त्याची फट उघडी राही. तेव्हापासून घरात ती पदराची कड ओठांवर धरूनच बोले. वयानं आलेली अदब असेल, असं खेमसिंगला वाटे.

बाकड्यावरच्या लोकांना एव्हाना विषय सापडला होता. एका मास्तरांचं म्हणणं पडलं की फोन हलका आहे, महागडा असता तर एका झटक्यात झालं असतं. शेजारचा म्हणाला, लोकांनी कंटाळून नाद सोडावा म्हणूनच सरकार हे असलं काही काढतं. एका बाईच्या मते ही मदत बँकेत न ठेवता तिचं सोनं करावं. सोनं डोळे मिचकवायला सांगत नाही.

एरवी खेमसिंगला असा विषय म्हणजे पर्वणी. नवे वीजमीटर, बॅटरीवरची गाडी, सोनं बरं की मुदत ठेव, सरकारनं काय करायला हवं होतं, या सगळ्यावर तांड्यात पहिलं मत त्याचं असे आणि शेवटचंही. रुपीबाईच्या मदतीची मुदत ठेव करायची हेही त्यानंच ठरवलं होतं. तिला काय वाटतं ते विचारायचं राहून गेलं होतं. पण आज मास्तरांना खोडून काढायचीही इच्छा त्याला झाली नाही. त्यानं अंगठ्यानं रुपीबाईची डावी पापणी खाली दाबून धरली. चेहऱ्यावर अडथळा आहे, असं फोननं सांगितलं.

"आता नवऱ्याचा हात म्हणजे अडथळा झाला काय?" तो सुरभीवर तडकला. "ज्याचा डोळाच मिटत नाही त्यानं काय करावं, हे लिहिलं काय कुठी?"

"काका, ते माह्या हाती राह्यते काय?" सुरभी शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दिवसभराचा थकवा होता. "तालुक्याच्या हापिसात जा म्हटलं असतं. पण तिथून तर तुम्ही इथं आलात."

तेवढ्यात दारातून हंसाबाई आत आली. ती तांड्यातलीच, रुपीबाईसोबत निंदण-वेचणीला जाणारी. खेमसिंगला भिया, म्हणजे भाऊ, म्हणायची. तिचं स्वतःचं काम होतं, पण रुपीबाईचा रडवेला चेहरा बघून ती आधी तिच्याजवळ गेली. काय अडलंय ते सुरभीनं सांगितलं. हंसाबाईनं ते ऐकलं आणि नवल वाटल्यासारखं खेमसिंगकडं बघितलं.

"मिटते ना तो डोळा," ती म्हणाली. "हसली का दोन्ही मिटते तिचे. आम्ही वावरात रोजच पाहतो. तुले नाही ठाऊक, भिया?"

रुपीबाईनं मान खाली घातली.

सुरभी मात्र तरतरीत झाली. तिनं फोन पुन्हा रुपीबाईसमोर धरला आणि म्हणाली, "काका, मग हसवा मावशीले."

बाकड्यावरची माणसं वळून बघू लागली. खेमसिंग बायकोसमोर उभा राहिला. त्यानं घसा साफ केला. मीटर बसवायला आलेल्या माणसाला आपण कसं निरुत्तर केलं, तो किस्सा त्यानं सुरू केला. तांड्यातले पुरुष यावर पोट धरून हसत. रुपीबाई लक्षपूर्वक ऐकत होती, जशी ती नेहमी ऐके. किस्सा संपला. तिनं मान हलवली. त्यानं मग म्हातारपणी पोहायला गेलेल्या साडूची गोष्ट काढली, ती अर्ध्यात सोडली. ही कशावर हसते, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. शेजारच्या खोलीतून तिचं रडणं ऐकलेलं आठवलं, त्याची आई गेली तेव्हाचं. हसणं आठवेना. कपाळावरचा घाम त्यानं शर्टाच्या बाहीला पुसला.

सुरभी नजर फोनवरच ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर थांबता काय?"

तो बाहेर आला. शटरच्या सावलीत, आपल्या मोटारसायकलजवळ उभा राहिला. आत हंसाबाई गोरबोलीत, तांड्यातल्या बंजारा बोलीत, काहीतरी सांगू लागली. आधी त्याला शब्द नीट ऐकू येईनात. मग तिनं आवाज बदलला. छाती फुगवल्यासारखा, नाकातून येणारा, दर दोन वाक्यांनी दम घेणारा आवाज. सरकारनं मला एकदा विचारायला पाहिजे होतं, असं तो आवाज म्हणत होता. सोन्यानं मला विचारल्याशिवाय महाग व्हायला नको होतं. आणि ही कोंबडी, हिनं कुठं अंडं घालावं यावर माझं स्पष्ट मत आहे.

तो आवाज कुणाचा, हे कळायला खेमसिंगला वेळ लागला नाही.

आणि मग आतून हसू आलं. आधी दाबलेलं, मग न दाबता येणारं, मध्येच श्वास अडकून पुन्हा वर उसळणारं. एखाद्या पोरीचं असावं तसं. सुरभी असेल, असं त्याला वाटलं. पण सुरभी त्या हसण्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणत होती, "झालं, मावशी, झालं. घेतलं फोननं."

रुपीबाई बाहेर आली तेव्हा पदर ओठांवर होता. डोळे ओले होते, दोन्ही.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

त्यानं गाडी सुरू केली. ती मागं बसली. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाटीची वावरं लागली. एरवी इथपर्यंत येईस्तोवर त्याचं अर्ध्या सरकारबद्दल बोलून झालेलं असे. आज वाऱ्याचा आणि गाडीचाच आवाज होता. तांड्याकडं वळणाऱ्या फाट्यावर डांबर संपलं, गाडी खड्ड्यात आदळली.

खेमसिंगनं छाती फुगवली. नाकातून, दम घेत, तो म्हणाला, "हा रस्ता... करायच्या आधी... यायनं मले विचारलं नाही. खड्डा कुठी पाडाचा, यावर माह्यं... स्पष्ट मत होतं."

मागून काही आवाज आला नाही. त्याचे कान तापले. वळून बघायची हिंमत झाली नाही. नजर समोरच्या मातीवर ठेवून तो गाडी हाकत राहिला.

थोड्या वेळानं त्याच्या पाठीला टेकलेला तिचा खांदा हलू लागला. रस्ता खराब होता, त्यामुळंही असेल. त्यानं गाडीचा वेग कमी केला.

खांदा हलतच होता.