आईच्या नावाची खीर

वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी होता. सगळ्यांनी पंचशील म्हटलं. मग आत्याने आईच्या फोटोपुढची खिरीची वाटी उचलून माझ्यासमोर धरली.

"सुमेध, पहिला घास तुझा."

"दुधाची आहे ना? मी नाही खाणार, आत्या."

"अरे, आईच्या नावाची आहे!"

"नाव आईचं, दूध म्हशीचं."

मामा हसला. "म्हशीचा केवढा पुळका! आईसाठी मात्र डोळ्यांत टिपूस नाही."

खरंच होतं ते. आई गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. भूकसुद्धा कळत नव्हती.

मी व्हेगन झालो तेव्हा घरात आई एकटीच माझ्या बाजूने उभी राहिली. "माझं दूध प्यायलास, ते चालतं का रे?" असं टोचायची आणि माझ्यापुरती नारळाच्या दुधाची खीर वेगळी करायची. आता एक घास गिळला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण त्यांची तोंडं बंद करायला आईने इतकी वर्षं नारळ खवले नव्हते.

मी स्वयंपाकघरात जाऊन विळीवर नारळ खवला. बोट कापलं, ते आत्या ओरडली तेव्हा कळलं.

खीर पातळ झाली, तळाला लागली. ती फोटोपुढे ठेवली आणि पहिला घास घेतला. गोड होती की नव्हती, कळलं नाही.

मामाने विचारलं, "कशी झालीय?"

"आईला विचारा," मी म्हटलं आणि वाटी संपवली.