मालगुजाराचा कोट

रुखमाबाईंनी पिशवीतून काळा कोट काढला, उलटा केला आणि फारूक टेलरच्या मशीनवर ठेवला.

"दोन्ही बगलांतून अजून बोटभर घ्या, भाऊ. कापू नका मातर. आतच दाबा."

फारूकने आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. पोळ्यानंतर एक टीप मारली होती, दसऱ्याला दुसरी. आता ही तिसरी.

"भाबी, गुणवंतभाऊ अजून उतरूनच राह्यले का?"

"उतरून नाई राह्यले. पण कोट घट्ट झाला का त्याइले वाटते, अंगावर मांस चढून राह्यलं. मंग हिंमत येते अन् पोटभर जेवतात."

फारूकने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हंजे कोट बारीक करून माणूस जाड करून राह्यले तुमी."

"तसंच समजा," रुखमाबाई म्हणाल्या. "अन् त्याइच्यासमोर तोंड उघडू नका."

फारूकने निळ्या खडूने दोन रेघा ओढल्या आणि कोट बाजूला ठेवला.

गुणवंतराव गावच्या नाटकातले मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार. दरवर्षी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री पडदा उघडायचा, आधी त्यांची ढेरी यायची, मग काठी आणि मग ते स्वतः. तोंडातून शब्द निघायच्या आधीच माणसं हसून लोळायची. मग रक्तात साखर निघाली. थोरले भाऊ लटारू यांचा पाय याच साखरेपायी कापावा लागला होता, त्यामुळे गुणवंतरावांनी असा धसका घेतला की विचारू नका. चंद्रपूरच्या डॉक्टरने भात कमी करा म्हटलं, यांनी बंदच केला. धानाच्या घरात दोन्ही वेळेला भात, सणाला भात, दुखण्यातही भातच. तो ताटातून गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. साखर आटोक्यात आली खरी, पण गाल बसले आणि पायजम्याची नाडी दुहेरी गुंडाळावी लागू लागली.

पुढच्या खेपेला डॉक्टरच रागावले. "साखर छान आहे, पण माणूस कुठे चाललाय? भात काढलात, तर त्याच्या जागी काही टाका. अंडी खा, मासे खा, शेंगदाणे, तीळ, डाळ खा. वजन आता आणखी उतरता कामा नये."

रुखमाबाईंनी सगळं नीट ऐकलं. पण ऐकून काय करता, खाणाऱ्याने तोंड उघडायला नको? अंडं पुढे केलं की, "नको, साखर वाढंल." बोडीच्या पाण्यातले झिंगे तळले की, "नको, तेल आहे." त्यांना सगळ्याचीच भीती बसली होती. वजन करायला आरोग्य उपकेंद्रात चला म्हटलं, तर ते बांधावर निघून जायचे. भरलेलं ताट परत उचलताना रुखमाबाईंना रडू यायचं. ते आवरून त्या भांडी जरा जोरातच आपटायच्या.

पोळा झाला, तालमी सुरू झाल्या, पेटीतून कोट निघाला. तो त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबला. पोरं तोंड दाबून हसली. नाटकमंडळाचा हरिदास तसा मायेचा माणूस, पण नाटक त्याच्या गळ्यात. तो हळूच म्हणाला, "भाऊ, यंदा मालगुजाराचं काम सुनीलले देऊ का? तुमी मुनीमजी करा. मंडईपर्यंत पाहू तसं, मंगच ठरवू."

त्या संध्याकाळी गुणवंतराव घरी आले, कोटाची घडी केली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत विझत चालला आहे, हे रुखमाबाईंना त्या पाठीकडे बघून कळलं. दुसऱ्या दिवशी कोट फारूककडे गेला.

पुढच्या तालमीला बटण लावताना गुणवंतराव थबकले.

"रुखमे, कोट आंगाले लागून राह्यला व."

"लागंल नाई तं काय. परवा ते एक अंडं खाल्लं ना."

त्या दिवशी त्यांनी जवसाची चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली, वर तेलही. हळूहळू झिंगे खाल्ले गेले, तिळाचा कूट भाजीत मुरला, शेतावर जाताना खिशात भाजलेले शेंगदाणे जाऊ लागले. भातही मुठीएवढा परतला. उपकेंद्रातल्या नर्स दिव्यानीने साखर तपासली, ती जागची हलली नव्हती. तरी वजनकाट्याकडे मात्र ते फिरकले नाहीत. म्हणून दसऱ्याला रुखमाबाईंनी पुन्हा कोट नेला आणि मंडई तोंडावर आली तेव्हा तिसऱ्यांदा.

मंडईच्या दिवशी दुपारी हरिदास घरी आला. मालगुजार कोण, हे आजच ठरायचं होतं. तो अंगणात खाटेवर टेकला. आत गुणवंतरावांनी कोटात हात घातले, समोरची दोन्ही टोकं जवळ ओढली. ती जुळेनात. पोट आत घेतलं, तरी बटण काजापासून दोन-तीन बोटं लांबच.

हाव नडली आपल्याला, रुखमाबाईंना वाटलं. दोनवर थांबायला हवं होतं. आज कोट लागला नाही, तर सुनील त्याच्या मापाचा दुसरा घालून उभा राहील, आणि या माणसाला आता काय सांगायचं?

"काढा तो," त्या म्हणाल्या. "तुमी नाई भरले. मीच दाबून घेतला फारूकभाऊकडून. तीनदा."

त्यांनी कोट ओढून घेतला, दाढीच्या पत्तीचा तुकडा शोधला आणि दारापाशी उजेडात बसून बगल उलटी केली. पोळ्याची टीप होती. दसऱ्याची होती. तिसऱ्या जागी निळ्या खडूची नुसती रेघ होती. त्यांनी दुसरी बगल पाहिली. तिथेही रेघच, दोरा नाही.

त्यांनी रेघेवर नख फिरवलं.

"फारूकले तिसऱ्या टिपेले मीच नको म्हटलं," गुणवंतराव मागून म्हणाले. "मले पाहाचं होतं, खरंच भरलो का."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं?"

"दसऱ्याले काखेत खडू दिसला."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू वाढत होती, मी खात होतो. सांगून काय भेटलं असतं?"

रुखमाबाईंना हसू आलं आणि रडूही. त्यांनी पदराने नाक पुसलं, दसऱ्याची टीप सर्रकन उसवली आणि पत्ती पोळ्याच्या टिपेकडे वळवली.

"ते राहू दे," ते म्हणाले. "पयल्यासारखी ढेरी करून डॉक्टरच्या शिव्या खाऊ का? एवढी ढेरी पुरे, बाकी आवाजानं भरून काढतो."

त्यांनी कोट घातला. बटण लागलं. अंगणातून हरिदासने हाक दिली, "भाऊ, झालं का? किती वेळ?"

गुणवंतराव पाटावर बसले, ताट पुढे ओढलं आणि मालगुजाराच्या आवाजात गरजले, "त्याले थांब म्हणा. मालगुजार जेवून राह्यले."