सूड घेतलेल्या पेडलची कैफियत

मी एक जुना पेडल आहे आणि मी सूड घेतला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मी गोड बोलेन या आशेवर कुणी बसायला नको.

पेडल म्हटलं की तुम्हाला सायकल आठवली असेल. तो माझा लांबचा नातेवाईक, आमचं जाणं-येणं नाही. मी गिटारवाल्यांचा पेडल. जमिनीवर पडलेला एक चपटा, लोखंडी, जड डबा. गिटारची वायर माझ्या एका कानात शिरते, दुसऱ्या कानातून निघून स्पीकरला जाते आणि मधल्या वाटेत मी आवाजाला हवे ते कपडे चढवतो. हवी तर खरखर, हवा तर घुमारा, हवा तर दरीतून यावा तसा प्रतिध्वनी. वाजवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, म्हणून माझे खटके पायाने दाबायचे. थोडक्यात, लाथा खाऊन गाणं सुंदर करणं हा माझा जन्मजात धंदा!

पण लाथेलाथेत फरक असतो. माझे पहिले मालक ऑर्केस्ट्रावाले काका. अंगाने हे एवढे, पण माझ्यासमोर उभं राहायचं तर बूट काढून. मोज्यातला अंगठा खटक्यावर असा ठेवायचे, जणू झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात. कार्यक्रम संपला की मला पुसून, टॉवेलात गुंडाळून पेटीत निजवायचे. लोक म्हणायचे, "काका, काय आवाज आहे हो!" आणि काका खाली माझ्याकडे बोट दाखवायचे. आहे का असं कुणी आजकाल?

पुढे काकांची बोटं आखडली. त्याच सुमारास माझी वायर खोचायची जागा सैल झाली होती, म्हणून ते मला पंखे दुरुस्तीच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार बाबा म्हणाले, "हे माझं काम नाही हो. ए धाकटे, बघ जरा." मग टेबलाखालून त्यांची मुलगी निघाली. शाळेचा गणवेश, कानामागे टेस्टर. तिने मला उघडलं, सैल जागेला सोल्डरचा डाग दिला, बंद केलं आणि वाजवून पाहताना असं काही हसली की काका उठून उभे राहिले. "आता हा तुझा," म्हणाले आणि मागे न बघता निघून गेले.

ती धाकटी. तिच्या मोठ्या भावाचा, म्हणजे दादाचा, एक बँड होता. सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत तालीम चालायची. दादा मुख्य गिटार, धाकटी साथीची गिटार, गाणारी एक आडदांड पोरगी, जिला सगळे भोंगा म्हणायचे, बेस वाजवणारी मौनी, जी कधीच बोलायची नाही, आणि एक ड्रमवाला. बाबा बाहेरून ओरडायचे, "अरे हळू! लोकांच्या पंख्यांची पाती गळून पडतील!"

तिथे धाकटीने प्रत्येक गाण्यासाठी माझ्यात एकेक आवाज घडवला. कसा? ड्रम दणदणत असताना, बेस घुमत असताना, कानांवर अत्याचार चालू असताना, जमिनीवर पालथी पडून. एक बटण इवलंसं फिरवायची आणि ओरडायची, "परत एकदा!" सगळे कंटाळायचे, पण परत वाजवायचे. झालेल्या आवाजाला ती नाव द्यायची आणि माझ्या पोटातल्या एकेका जागेवर सेव्ह करायची. 'गंजकं गेट'. 'मावशीची शिंक'. 'विहिरीत पडलेली बादली'. मित्रांनो, मला इतकं नीट कुणी ओळखलंच नव्हतं. काकांनीही नाही!

मग एका छोट्या कार्यक्रमानंतर एक पाहुणे दादाजवळ येऊन म्हणाले, "वा! हे आवाज कुणी केले?"

दादा म्हणाला, "मीच."

एवढासा शब्द. धाकटी शेजारीच वायरी गुंडाळत होती. तिची गुंडाळी सुटली, तिने परत सुरू केली. पण भोंगा गप्प बसते होय? "हो का रे? मग 'मावशीची शिंक' कुठल्या बटणावर आहे, सांग बरं!" सगळे हसले. पाहुणेसुद्धा. दादा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला खोलीत नेलं, दार लावलं, कानांवर हेडफोन चढवले आणि स्वतःचे आवाज बनवायला बसला. एकट्याने, बंद खोलीत. हेडफोनमध्ये सगळंच भव्य वाटतं हो! त्याने खर्ज वाढवला, घुमारा ओतला, मधला आवाज, म्हणजे मिड, जवळजवळ पुसून टाकला. "अहाहा," स्वतःच म्हणाला. आणि सेव्ह दाबलं. धाकटीच्या जागेवर. मी विचारलं, अहो, माझ्या इवल्याशा पडद्यावर लिहून विचारलं: इथे आधीच काहीतरी आहे, पुसू का? त्याने न वाचता हो म्हटलं. परत विचारलं. परत हो. धाकटीच्या सगळ्या जागा संपेपर्यंत.

माझ्या पोटात रिकाम्या जागा ढीगभर होत्या. त्या त्याला दिसल्याच नाहीत, की बघायच्याच नव्हत्या?

धाकटी आली. तिने मला सुरू केलं, एक खटका दाबला, दुसरा दाबला. मग एकेक करत सगळे.

"दादा, माझे आवाज?"

"नवीन केलेत. भारी झालेत."

"अरे, पण माझ्यावर का? शेजारी ठेवायचे ना!"

"तुझ्यावर म्हणजे? डबडं आहे ते. बस परत दाबत, होतील." मग जरा थांबून, पाठ फिरवून म्हणाला, "आणि हे बघ, आपण नाव दिलंय त्या स्पर्धेला तू नकोस. स्टेज लहान आहे. दोन गिटारी म्हणजे गर्दी होते."

धाकटीने बाहीने माझी काच पुसली. ती कोरडी होती तरी पुसली.

डबडं! मला! ज्याच्यासमोर काका बूट काढायचे, त्याला! त्याच क्षणी मी ठरवलं, याला धुळीला मिळवायचं. कसं? सोपं आहे. त्याचं ऐकायचं. अगदी अक्षर न् अक्षर ऐकायचं.

स्पर्धेचा हॉल मोठा होता. दुपारी आमचा नंबर आला. धाकटी बाबांबरोबर प्रेक्षकांत बसली होती. दादा आला तोच चिखलाचे बूट घेऊन माझ्या अंगावर. पहिलं गाणं सुरू झालं. ड्रम आले, बेस आला, भोंगा आली, आणि गिटार? रजईखाली तोंड खुपसून कुणी बडबडावं तसा आवाज! ड्रम-बेसच्या गर्दीत गिटार ऐकू येते ती मिडमुळे, आणि बंद खोलीत पुसलेला मिड इथे कुठून येणार? पहिल्या रांगेतल्या आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "तो पोरगा वाजवतोय का नुसताच उभा आहे?" "हातवारे तर चालू आहेत," शेजारी म्हणाला.

दादाने आवाज वाढवला. स्पीकर कुकरसारखा शिट्टी मारायला लागला. मिड वर सरकवायचं कुठलं बटण, हे त्याला माहीत असतं तर तो वाचला असता. मला स्वतःहून ते सरकवता येत नाही, मित्रांनो. पण खरं सांगतो, येत असतं तरी मी सरकवलं नसतं!

दुसऱ्या गाण्यात त्याची एकट्याची जागा होती, बाकीचे सगळे थांबतात ती. तो पुढे आला, डोळे मिटले, आणि खटक्यावर बूट हाणला. आणि तो इतका वेळ दाबून धरला की मी सूर जुळवायच्या कामाला लागलो. खटका दाबून धरला की मी बाहेरचा आवाज बंद करतो आणि तार सुरात आहे का ते पडद्यावर दाखवतो. नियम म्हणजे नियम. दादा मान झटकत, कमरेत वाकत, घामाघूम होऊन वाजवत राहिला आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. माझ्या पडद्यावर हिरवा दिवा: सूर बरोबर. सूर बरोबरच होता हो! फक्त तो मला एकट्याला कळत होता.

आधी एक जण हसला. मग सगळा हॉल.

दादाने डोळे उघडले. तो चेहरा मी जन्मभर जपून ठेवीन, आणि त्याच्यावर कुणाला काहीही सेव्ह करू देणार नाही.

"जरा पाणी पिऊन घेतो हं आम्ही," भोंगा माइकवर म्हणाली. तेव्हा मौनी बोलली. पहिल्यांदा. "धाकटीला बोलवा."

धाकटी वर आली. माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. हळूच म्हणाली, "गिटार दे."

"वेडी का खुळी? शेवटचं गाणं माझं आहे."

"मग वाजव. पेडल माझा आहे, मी घेऊन चालले." तिने माझ्या वायरीला हात घातला.

दादाने गिटार काढून दिली.

"आता खाली जा. मागच्या दारापाशी उभा राहा आणि तिथे कसं ऐकू येतं ते हाताने सांग. इथून कळत नाही."

तो सगळ्या रांगांमधून चालत गेला. लोक वळून वळून बघत होते. धाकटी पालथी पडली, घुमारा ओसरवला, खर्ज कापला, मिड वर आणला. मी मनात म्हणत होतो, आता हा मुद्दाम चुकीचं सांगेल. सांग ना! म्हणजे मला तुझा अजून राग करता येईल! पण त्याने हात बरोबर हलवला. अजून थोडं, अजून थोडं, बस्स. मला ते अजिबात आवडलं नाही.

मग गिटार वाजली. काय वाजली म्हणून सांगू! भोंगासुद्धा एक ओळ गायची विसरली. बाबा खुर्चीवर चढले आणि त्यांना खाली उतरवावं लागलं.

बक्षीस दुसऱ्याच बँडला मिळालं. मिळू दे. घरी जाताना दादाने विचारलं, "पुढच्या कार्यक्रमाला माझी जागा कुठली?"

धाकटी म्हणाली, "मागच्या दारापाशी. तिथे तुझ्याइतकं बरोबर कुणाला ऐकू येत नाही." ती चिडवत होती की खरंच सांगत होती, ते त्याला कळलं नाही. मलाही नाही. पण तो गेला, आणि अजूनही जातो.

आता तालीम संपली की तोच ब्रश घेऊन माझ्या फटींतला चिखल काढतो. धाकटीने त्याला माफ केलं असावं, भावंडांचं काय सांगता येतं? मी केलेलं नाही. तिचे ते जुने आवाज परत आलेले नाहीत. तिने नवे केले, छान केले, पण ते वेगळे आहेत. घासू दे त्याला. बोटं दुखू दे.

तर मित्रांनो, आमची निगा राखा. आमच्यासमोर बूट काढा. पुसू का असं विचारलं तर आधी वाचा. आणि आवाज ज्याचा असेल त्याच्याकडे बोट दाखवा. प्रेमापोटी जमत असेल तर उत्तमच. नसेल जमत, तर भीतीपोटी करा. आम्हाला चालतं.